बालमृत्यूंची नोंद आणि आरोग्यव्यवस्थेतील निर्णय : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

ग्रामीण महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत महिन्याच्या अखेरीस मासिक अहवालाची लगबग असते. उपकेंद्राची आरोग्यसेविका आपल्या नोंदवह्यांतून आकडे काढते, आशा व अंगणवाडी सेविका आपापल्या याद्या घेऊन येतात, बेरजा होतात आणि अहवाल तालुक्याकडे, तेथून जिल्हा परिषदेकडे व पुढे राज्याकडे रवाना होतो. २००८ साली केंद्र शासनाने आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली संगणकावर आणली आणि पुढे प्रत्येक आरोग्य संस्थेची माहिती स्वतंत्रपणे भरली जाऊ लागली. आकड्यांचा तुटवडा आहे असे म्हणण्यास आज जागा नाही. प्रश्न निराळा आहे. या आकड्यांमुळे कोणाचा कोणता निर्णय बदलतो? ज्या उपकेंद्रातून आकडा निघाला त्या उपकेंद्राकडे तो काही अर्थ घेऊन परत येतो काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बालमृत्यूंच्या नोंदीपुरता केला आहे. ही निवड करण्याचे कारण उघड आहे. ताप, अशक्तपणा, कुपोषण यांच्या व्याख्यांबाबत मतभेद होऊ शकतात. मृत्यूबाबत तसे होण्याचे कारण नाही. तरीही आरोग्याच्या नोंदवह्यांतून सर्वांत सहज निसटणारी घटना म्हणजे लहान बालकाचा मृत्यू होय.

दर आणि संख्या :

नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००० साली महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ४८ होता. २०२० साली तो १६ झाला. याच काळात देशाचा दर ६८ वरून २८ वर आला. ही घट खरी आहे व मोठी आहे. परंतु हा दर निवडक गावे व नागरी विभाग यांच्या नमुन्यावरून काढलेला राज्यस्तरीय अंदाज असतो. जिल्ह्याचा दर त्यातून मिळत नाही, तालुक्याचा तर नाहीच. परिणामी मुंबईत बसलेल्या सचिवांना राज्याची स्थिती ठाऊक असते, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यास आपल्या तालुक्याची स्थिती जाणण्यासाठी मासिक अहवालावरच विसंबावे लागते. तो अहवाल विश्वासार्ह आहे की नाही हे पडताळण्याचे पहिले साधन शालेय अंकगणितापलीकडचे नाही.

सपाट प्रदेशातील प्राथमिक आरोग्य केंद्र साधारणतः ३०,००० लोकसंख्येसाठी असते. जन्मदर दर हजारी १५ धरला तर तेथे वर्षाला ४५० जन्म अपेक्षित आहेत. अर्भक मृत्युदर १६ धरल्यास वर्षाला सुमारे सात अर्भकमृत्यू अपेक्षित ठरतात. (२००० सालचा दर ४८ आणि जन्मदर २१ धरला तर हीच संख्या तीस होती, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.) समजा, या केंद्राने वर्षभरात दोनच मृत्यू कळविले. अपेक्षित संख्या सात असताना दोन किंवा त्याहून कमी मृत्यू निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता शेकडा अडीच ते तीन इतकीच असते. एका केंद्राच्या बाबतीत कदाचित तसे घडलेही असेल. परंतु तालुक्यातील पाचही केंद्रे दोन-दोन मृत्यू कळवीत असतील, म्हणजे पस्तीसच्या जागी दहा, तर योगायोगाचे स्पष्टीकरण टिकत नाही. अशा तालुक्यात एक तर असामान्य यश मिळालेले आहे किंवा पंचवीस बालकांची नोंद झालेली नाही. यांपैकी काय घडले हे शोधल्यावाचून त्या आकड्यावर कोणताही निर्णय आधारणे धोक्याचे आहे.

उपकेंद्राच्या पातळीवर चित्र उलटे होते. ५,००० लोकवस्तीत वर्षाला ७५ जन्म आणि सरासरी १.२ अर्भकमृत्यू अपेक्षित असतात. दर दहा उपकेंद्रांपैकी तिघांत एखाद्या वर्षी एकही मृत्यू न होणे स्वाभाविक आहे. एक मृत्यू झाला की दर १३ होतो, दोन झाले की २७. म्हणजे शून्य मृत्यूंच्या उपकेंद्राचा सत्कार आणि दोन मृत्यूंच्या उपकेंद्राला खुलासा विचारणारे पत्र या दोन्ही कृती संख्याशास्त्राच्या दृष्टीने सारख्याच निराधार ठरतात. उपकेंद्रात दर काढूच नये. तेथे प्रत्येक मृत्यूची हकिकत पाहावी. दर हे साधन जिल्ह्यासाठी आणि राज्यासाठी आहे. एकच तक्ता खालपासून वरपर्यंत सर्व पातळ्यांवर वापरण्याच्या सवयीमुळे हा साधा भेद पुसला जातो.

नोंद का निसटते :

नोंदी निसटण्याची काही कारणे समाजरचनेत आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, प्रसूती माहेरच्या तालुक्यातील रुग्णालयात होते आणि बाळ दगावले तर ती घटना दोन्हीकडच्या यादीत येत नाही. सासरची सेविका ‘माहेरी गेली’ असा शेरा लिहून ओळ बंद करते. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची बाळे कारखान्याच्या परिसरातील कोपीत जन्मतात. हंगाम संपून कुटुंब गावी परतते तेव्हा जन्म आणि मृत्यू दोन्ही घडून गेलेले असतात. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंदणी सक्तीची केली असली तरी जन्मानंतर काही तासांत गेलेल्या बाळाची नोंद करण्यासाठी ग्रामसेवकाकडे जाण्याचे प्रयोजन कुटुंबाला वाटत नाही. त्या दाखल्याचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न असतो आणि त्याला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

याहून गंभीर कारण व्यवस्थेच्या आत आहे. मृत्यू कळविला की चौकशी येते. न कळविला तर काहीही येत नाही. ज्या बैठकीत आकडा वाचला जातो त्याच बैठकीत तो कळविणाऱ्या सेविकेला सर्वांसमोर उभे केले जात असेल, तर पुढील महिन्यात आकडा कमी होणार हे निश्चित. मृत्यू कमी होतील की नाही हे सांगता येणार नाही. दर वेळी त्यासाठी उघड खोटे लिहावे लागते असेही नाही. जन्मून अर्ध्या तासात दगावलेले बाळ ‘उपजत मृत्यू’ या रकान्यात गेले की अर्भक मृत्युदरातून ते आपोआप वगळले जाते. म्हणून जाणकार अधिकारी केवळ अर्भकमृत्यूंची संख्या पाहत नाही. पहिल्या दिवसाचे मृत्यू आणि उपजत मृत्यू यांचे परस्परप्रमाणही पाहतो. एखाद्या केंद्रात उपजत मृत्यू पुष्कळ आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळपास शून्य असतील तर नोंदवही पुन्हा उघडण्यास पुरेसे कारण मिळते. जन्मवजनाच्या रकान्यातही असाच एक संकेत दडलेला असतो. अडीच किलो ही कमी वजनाची सीमारेषा असल्यामुळे नेमक्या अडीच किलोच्या नोंदी अस्वाभाविकपणे साचलेल्या दिसतात. काटा बिघडलेला आहे, काटाच नाही, की कमी वजनाच्या बाळामागे लागणारे काम टाळले जात आहे, हे तेथे जाऊनच कळते.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे सार्वजनिक लक्ष वेधले गेले ते २००१ मध्ये. राज्याच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली आणि तिच्या आधारे ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. शासकीय यंत्रणेच्या नोंदींतून बालमृत्यूंचा फार मोठा भाग निसटतो, हे त्याचे प्रमुख प्रतिपादन होते. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली व २००४ मध्ये तिचा पहिला अहवाल आला. या घटनाक्रमातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तेव्हाही राज्याचा अर्भक मृत्युदर नमुना नोंदणीतून उपलब्ध होता. त्या दराने राज्यात किती मृत्यू अपेक्षित आहेत आणि यंत्रणेने किती कळविले, ही दोन आकड्यांची तुलना कोणत्याही वर्षी कोणीही करू शकला असता. दोन्ही आकडे शासनाकडेच होते, मात्र ते वेगवेगळ्या कार्यालयांत होते.

आकडे जुळविणे :

मराठीत ‘आकडे जुळविणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही येथे लागू पडतात. अंगणवाडी सेविकेची यादी आणि आरोग्यसेविकेची यादी यांत तफावत राहू नये असा वरून आग्रह असतो. त्यामुळे मासिक सभेपूर्वी दोघी एकत्र बसून याद्या सारख्या करतात. प्रशासनाच्या दृष्टीने हे शिस्तीचे लक्षण आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र याच क्षणी सर्वांत मोलाची माहिती नष्ट होते.

सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. ई. डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळील सिंगूर येथील जन्म-मृत्यूंच्या नोंदींच्या आधारे एक पद्धत मांडली. (चंद्रशेखरन हे पुढे मुंबईतील लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले.) पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. समजा, एका केंद्राच्या क्षेत्रात आरोग्यसेविकांच्या यादीत २० बालमृत्यू आहेत, अंगणवाडी सेविकांच्या यादीत १५ आहेत आणि नावे पडताळता १२ मृत्यू दोन्ही याद्यांत आढळतात. अंगणवाडीला ठाऊक असलेल्या १५ पैकी १२ आरोग्यसेविकांना सापडले, म्हणजे आरोग्यसेविकांची यादी सुमारे ८० टक्के पूर्ण आहे. त्यांच्याकडील २० मृत्यू जर एकूणाच्या ८० टक्के असतील तर एकूण मृत्यू २५ असावेत. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर २३ नावे मिळतात. याचा अर्थ दोन मृत्यू दोघींनाही माहीत नाहीत. जे कोणीच पाहिले नाही त्याचाही अंदाज दोन अपूर्ण याद्यांच्या साहाय्याने करता येतो, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

अट एकच आहे : याद्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे तयार झालेल्या असाव्यात. एक यादी दुसरीवरून उतरविली तर सर्व नावे समान येतील आणि गणित सांगेल की नोंद शंभर टक्के पूर्ण आहे. हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कधीच पूर्ण नसते. दुर्गम पाड्यावरील घर दोघींच्याही नजरेतून सुटण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे आलेला अंदाज बहुधा खऱ्या संख्येपेक्षा कमीच राहतो. नमुना नोंदणी पद्धतीची उभारणी याच तत्त्वावर झालेली आहे. नमुन्यातील क्षेत्रात एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. पर्यवेक्षक दर सहामाहीस स्वतंत्रपणे घरोघरी पाहणी करतो. नंतर दोन्ही याद्या ताडून न जुळणाऱ्या घटनांची गावात पुन्हा खातरजमा होते. जी तफावत मासिक सभेत दोष मानली जाते, तिच्यावर राज्याचा मृत्युदर उभा असतो.

नोंद आणि निर्णय एकाच हाती :

आकड्यांनी निर्णय बदलल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि निवडलेल्या गावांत जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद सुरू केली. बालमृत्यूंच्या कारणांत न्यूमोनियाचा वाटा मोठा आढळला. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखण्याचे व प्रतिजैविक देण्याचे शिक्षण देण्यात आले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार पोहोचलेल्या ५८ गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू दर हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या ४४ गावांत १७.५.

या प्रयोगातील एक साधन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. न्यूमोनियाचे निदान श्वासाच्या गतीवरून होते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या अर्भकाचे ५० किंवा अधिक असतील तर धोका असतो. गावातील अनेक दायांना इतके आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी पाटीवरील मण्यांसारखे मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. येथे माहितीचे संकलन, तिचा अर्थ आणि निर्णय या तिन्ही गोष्टी एका निरक्षर स्त्रीच्या हाती, एका मिनिटात पूर्ण होतात. अहवाल नंतर जातो आणि तो चुकीचा लिहिण्यात तिचा कोणताही लाभ नसतो.

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर नोंदींनी पुढचा प्रश्न दाखविला : उरलेल्या अर्भकमृत्यूंत पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण मोठे होते. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज भासेल अशी लक्षणे दिसली, प्रत्यक्षात २.६ टक्के बालकांनाच ती मिळाली. घरातील बाळाला रुग्णालयात पाठवा, असा सल्ला देत राहणे निरर्थक आहे हे या दोन आकड्यांतील अंतरावरून स्पष्ट झाले आणि घरीच सेवा देण्याची योजना आखली गेली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत व ४७ गावांत तुलना अशा या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगगावांतील नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडता घट ६२ टक्के होती. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशांमार्फत गृहाधारित नवजात बालक सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत संस्थेत जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरविण्यात आल्या.

अर्थात गडचिरोलीतील निवडक गावे आणि संपूर्ण राज्य यांत अंतर आहे. देशव्यापी योजनेत भेटींचा अर्ज पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये मानधन ठरले. आशांच्या श्रमांचा मोबदला मिळालाच पाहिजे, तो अपुराच आहे. परंतु यामुळे तपासणीचा अर्ज हेच देयक बनले. बाळाचे तापमान लिहिण्याचा रकाना भरलेला असणे आणि बाळाचे तापमान घेतलेले असणे यांत फरक पडू शकतो. माहितीला मोबदला किंवा शिक्षा जोडली गेली की माहितीचे स्वरूप बदलते. कुटुंबनियोजनाच्या लक्ष्यांच्या काळात हा अनुभव देशाने मोठ्या प्रमाणावर घेतला होता. १९९६ मध्ये पद्धतनिहाय लक्ष्ये मागे घेतली गेली त्यामागील एक कारण हेही होते.

कोणता तक्ता, कोणता निर्णय :

जिल्हा पातळीवरील बैठकीत सामान्यतः मृत्यूंची एकूण संख्या आणि मागील वर्षाशी तुलना एवढेच मांडले जाते. या दोन आकड्यांवरून ‘कामात सुधारणा करावी’ यापलीकडे निर्णय निघू शकत नाही. तेच मृत्यू दोन बाजूंनी मांडून पाहावेत : मृत्यूच्या वेळी बाळाचे वय आणि मृत्यूचे ठिकाण. पहिल्या आठवड्यातील मृत्यू घरी घडत असतील तर आशांच्या भेटी व दायांचे प्रशिक्षण यांकडे वळावे लागेल. वाटेत घडत असतील तर प्रश्न रुग्णवाहिकेचा, रस्त्याचा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे याच्या निर्णयाचा आहे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात घडत असतील तर खाटा, परिचारिका आणि बाळे किती उशिरा व किती थंड पडलेल्या अवस्थेत पोहोचतात हे पाहावे लागेल. संख्या तीच, पैसा मात्र तीन वेगळ्या ठिकाणी खर्च करावयाचा आहे. यासाठी नव्या संगणकप्रणालीची आवश्यकता नाही. वय आणि ठिकाण बहुतेक नोंदवह्यांत असतेच. बेरीज करताना ते गळून जाते.

तारखेचा प्रश्नही दुर्लक्षिला जातो. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पूर्वी घडलेले, परंतु मोजणीत न आलेले १,३२८ कोविड मृत्यू एकदम राज्याच्या संख्येत मिळविले. नोंद दुरुस्त करणे हे योग्यच होते. परंतु रोजच्या आकड्यांचा आलेख पाहणाऱ्यास त्या दिवशी साथीने एकाएकी उग्र रूप धारण केल्याचा भास झाला. मृत्यू घडल्याची तारीख आणि कळविल्याची तारीख वेगळ्या मांडल्या असत्या तर हा भास झाला नसता. मासिक अहवालातही मार्चअखेरीस आकडे फुगतात ते काही अंशी याच कारणाने.

मृत्यूची हकिकत पाहण्याची व्यवस्था कागदोपत्री आहे. मातामृत्यूंच्या अन्वेषणाच्या राष्ट्रीय सूचना २०१० मध्ये आणि बालमृत्यूंच्या २०१४ मध्ये निघाल्या. कोणालाही दोषी ठरविण्यासाठी ही चौकशी नाही, असे त्यांचे तत्त्व आहे. तथापि ज्या अधिकाऱ्याकडे कारवाईचा अधिकार आहे तोच अन्वेषणाच्या बैठकीचा अध्यक्ष असेल तर हे तत्त्व सेविकेला कितपत पटेल, ही शंका रास्त आहे. किमान बालमृत्यूंच्या बाबतीत तरी बैठकीचे इतिवृत्त आणि शिस्तभंगाची कार्यवाही यांची फारकत करणे आवश्यक आहे. खासगी रुग्णालयांचा भाग तर बहुतांशी अंधारातच आहे. क्षयरोगाची सूचना देणे २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांना बंधनकारक झाले. नवजात बालकांच्या बाबतीत तितका पाठपुरावा झालेला दिसत नाही.

दुहेरी याद्यांची पडताळणी मात्र फारशा खर्चावाचून करता येण्यासारखी आहे. प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकून काही गावे निवडावीत आणि तेथील मागील बारा महिन्यांतील जन्म-मृत्यूंची यादी यंत्रणेबाहेरच्या व्यक्तींनी, शासकीय यादी न पाहता, घरोघरी जाऊन तयार करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात हे काम बसू शकते आणि संख्याशास्त्र, समाजशास्त्र वा भूगोल विभागाच्या अध्यापकास याद्या ताडण्याचे गणित करून देणे अवघड नाही. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. मूल गमावलेल्या घरी विद्यार्थ्याने नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीने, घरच्यांच्या संमतीने बोलावे; आणि नावांची यादी ताडून झाल्यावर कोणाच्याही कपाटात राहू नये. पडताळणीनंतरची संख्या मासिक अहवालापेक्षा मोठी येणार हे गृहीत धरावे. तेव्हा त्या वर्षीच्या तक्त्यावर ‘नोंदणी सुधारल्यामुळे झालेली वाढ’ असा स्वतंत्र रकाना जिल्हा परिषदेने आधीच मान्य करून ठेवावा लागेल; तो नसेल तर पुढील वर्षी दोन्ही याद्या पुन्हा एकाच टेबलावर लिहिल्या जातील.